बुडालेल्या जहाजाचे रुपये

लक्ष्मी रोडच्या गर्दीतून एका बोळात वळलं की डाव्या हाताला अनंत घैसासांचं चष्म्याचं दुकान लागतं. दुकान इतकं चिंचोळं की आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. काउंटरच्या काचेखाली बाकीचे दुकानदार देवाची तसबीर नाहीतर आजोबांचा फोटो ठेवतात. घैसासांनी तिथे नाणी मांडली होती. मराठेशाहीतल्या शिवराया, कंपनी सरकारचे पैसे, पोर्तुगीजांची गोव्यातली तांब्याची नाणी. फ्रेम निवडता निवडता गिऱ्हाईक खाली बघायचं आणि विचारायचं, "ही खरी आहेत का हो?" घैसास म्हणायचे, "फ्रेम खरी आहे. आधी ती बघा."

कॉलेजात असताना जुन्या बाजारात त्यांनी मूठभर तांबं विकत घेतलं होतं आणि तिथून हा नाद लागला. वडिलांचं दुकान चालवता चालवता, मुलीचं लग्न करता करता, चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी नाणी जमवली. मित्रांनी कोथरूडला मोठे फ्लॅट घेतले, मेहुण्याचा मुलगा अमेरिकेत घर बांधून बसला, घैसासांना त्याचं कधी काही वाटलं नाही. आपण फार समाधानी माणूस आहोत अशी त्यांची स्वतःबद्दल समजूत होती. ती समजूत टिकली त्याचं कारण साधं होतं. त्यांना ज्या एका गोष्टीची मनापासून हाव होती, तिच्यात त्यांच्या आसपास त्यांच्यापुढे कुणी नव्हतंच. नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ महिन्यातून एकदा सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात भरायचं. तिथे एखाद्या नाण्यावरून वाद झाला की सगळे शेवटी घैसासांकडे वळायचे. घैसास खिशातून भिंग काढायचे, नाणं उलटसुलट करायचे आणि निकाल द्यायचे.

संपत उबाळे त्यांच्या दुकानात आला तो लग्नाच्या साड्यांच्या खरेदीमुळे. बायको, प्रेमला, शेजारच्या दुकानात साड्या बघत बसली होती आणि संपतला वेळ कसा घालवावा ते कळत नव्हतं. वाघोलीचा माणूस, पन्नाशीचा, अंगाने दणकट. नगर रस्त्याला लागून वडिलार्जित जमीन होती, तिच्यावर आता उंच इमारती उभ्या होत्या. स्वतः संपत दोन मंगल कार्यालयं चालवायचा.

"जवळचं दिसत न्हाई काका," तो म्हणाला, "नंबर काढा बघू."

नंबर काढून झाल्यावर घैसासांनी सवयीने चाचणीची काच त्याच्या डोळ्यांवर चढवली आणि म्हणाले, "वाचा काहीतरी." संपतने मान खाली घातली आणि काउंटरच्या काचेखालचं एक तांब्याचं नाणं वाचायला लागला.

"ह्ये इंग्रजी हाय. आन् मागं?"

"मागे फारसी आहे."

"कुठलं म्हणायचं?"

घैसासांना कुणी असं विचारलं की त्यांचा दिवस चांगला जायचा. त्यांनी सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी कंपनी सरकारने मद्रासेत चालवायला तांब्याची नाणी विलायतेत पाडून घेतली. पिंपांत भरून जहाजावर चढवली. जहाज निघालं आणि इंग्लंडच्या किनाऱ्यापासून फार लांब जायच्या आतच वादळात वाळूच्या दांड्यावर चढून बुडालं. नाणी पावणेदोनशे वर्षं समुद्राच्या तळाशी पडून राहिली. मग पाणबुड्यांनी ती काढली आणि फिरत फिरत त्यातलं हे एक पुण्यात आलं.

संपत ऐकत राहिला. चाचणीची जड फ्रेम अजून त्याच्या नाकावर होती. "म्हंजी ह्ये पैसं हिकडं यायलाच निघालं व्हतं," तो सावकाश म्हणाला, "आन् येवढ्या वर्सांनी पोचलं?"

असं घैसासांना स्वतःला कधी सुचलं नव्हतं. त्यांना ते आवडलं, आणि आवडलं म्हणूनच कुठेतरी जरा खुपलंही.

त्यानंतर संपत येतच राहिला. चष्मा न्यायला आला तेव्हा तासभर बसला. पुढच्या आठवड्यात येताना हुरड्याची पिशवी घेऊन आला. पुस्तकं मागून नेली, वाचून परत केली, प्रश्न विचारले. घैसासांनी त्याला खरं-खोटं कसं ओळखायचं ते शिकवलं, कडा बघायला शिकवलं, नाणं घासायचं नाही, बोटांनी चोळायचं नाही, हे दटावून सांगितलं. मंडळात नेलं. "हे माझे शिष्य," असं म्हणून ओळख करून दिली. वर्षभर फार छान गेलं.

मग संपत घ्यायला लागला.

घैसास एखाद्या नाण्यावर डोळा ठेवून वर्षानुवर्षं थांबत. भाव उतरेल, विकणारा कंटाळेल, एखादा म्हातारा संग्राहक जाईल आणि त्याच्या मुलांना कपाट रिकामं करायचं असेल. हे थांबणं हाच त्यांचा संग्रह करायचा मार्ग होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. संपत थांबत नसे. आवडलं की घ्यायचा. मुंबई इलाख्याचं कथलाचं जाडजूड नाणं, जे घैसासांनी उभ्या आयुष्यात तीनदाच हाताळलं होतं, ते तो एका शनिवारी रुमालात गुंडाळून घेऊन आला. "बरं हाय का काका?"

"बरं आहे," घैसास म्हणाले. नाणं बरं नव्हतं, अप्रतिम होतं. ते त्यांनी परत केलं आणि दिवसभर एकाही गिऱ्हाइकाशी धड बोलले नाहीत.

"तब्येत ठीक नाही का?" रात्री जेवताना वासंतीबाईंनी विचारलं.

"ठीक आहे."

"संपत आला होता वाटतं."

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती शांतपणे भाजी वाढत होती.

मुंबईच्या एका लिलाव कंपनीने पुण्यात लिलाव ठेवला, त्याचा कॅटलॉग घैसासांच्या हातात आला आणि मधल्या एका पानावर ते थांबले. श्रीलंकेच्या दक्षिणेला खडकांवर आपटून बुडालेल्या एका जहाजातले रुपये. औरंगजेबाच्या काळातले, सुरतेच्या टांकसाळीचे. ज्या पिशव्यांत ते भरले होते त्या कुजून गेल्या होत्या, पण आतले रुपये प्रवाळात आणि चुन्यात एकमेकांना चिकटून दगडासारखे झाले होते. त्यातला मुठीएवढा एक गोळा विक्रीला होता. पांढऱ्या-करड्या खरबरीत दगडातून पाच-सहा रुपयांच्या कडा बाहेर डोकावत होत्या, आणि एका बाजूला अर्धा रुपया उघडा पडला होता.

असे गोळे सापडले त्यातले बहुतेक फोडले गेले. सुटे रुपये विकणं सोपं असतं. अख्खा राहिलेला गोळा घैसासांनी फक्त छायाचित्रात बघितला होता. त्यांना एकदम आठवलं की आपण आता अडुसष्ट वर्षांचे आहोत. या वेळी थांबायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. वासंतीबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घ्या. कधी नव्हे ते काहीतरी मागताय."

त्याच संध्याकाळी संपत आला, आणि घैसासांना राहवलं नाही. त्यांनी कॅटलॉगचं ते पान उघडून त्याच्यापुढे धरलं. हे मला हवंय, एवढं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. शिष्यापुढे हात पसरल्यासारखं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बघण्यासारखी वस्तू आहे."

लिलाव स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. घैसास इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसले. गोळ्याची पाळी आली तेव्हा त्यांनी नंबराची पाटी वर केली आणि वरच ठेवली. हॉलमधले दोघे-तिघे लवकरच गळाले. मग समोरच्या टेबलावर संगणक घेऊन बसलेली मुलगी म्हणाली, "ऑनलाइन बोली आहे." घैसासांनी वाढवली. "ऑनलाइन." पुन्हा वाढवली. "ऑनलाइन." कुठेतरी कुणीतरी बसल्या जागी बोटाने बटण दाबत होतं, त्याला कसलीच घाई नव्हती आणि कसलीच काळजी नव्हती. घैसासांनी वासंतीबाईंशी जो आकडा ठरवला होता तो ओलांडला, आणखी एकदा ओलांडला, मग त्यांचा हात आपोआप खाली आला. हातोडी वाजली. शेजारी बसलेला मंडळाचा चिटणीस अवधूत साने हळूच म्हणाला, "जाऊ द्या हो, कुणीतरी परदेशातला असेल." घैसासांनी त्या परदेशातल्या माणसाला वाटेत रिक्षात मनसोक्त शिव्या दिल्या.

चार दिवसांनी संपत पेढे घेऊन दुकानात आला.

"काका, तुमी म्हणला व्हता ना, बघण्यासारखी वस्तू हाय म्हणून? घेतली! कार्यालयात लगीन व्हतं, मी आपला मुदपाकखान्यात हुबं राहून मोबाइलवर बोली लावत व्हतो. कोण तरी लई चिवट व्हता समोर. सोडंचना. पण मी म्हणलं, काकांनी दावलीय, सोडायची न्हाई."

घैसासांनी पेढा तोंडात टाकला. तो चघळायला त्यांना बराच वेळ लागला.

"उत्तम," ते म्हणाले.

तो चिवट माणूस मी होतो, असं तेव्हाच सांगता आलं असतं. संपतने कपाळावर हात मारून घेतला असता, दोघं हसले असते, कदाचित गोष्ट तिथेच मिटली असती. घैसास पुढे कित्येक दिवस दुकानाचं शटर उघडताना, काचा घासताना हाच विचार करत राहिले. पण त्यांनी सांगितलं नाही. सांगितल्यावर संपतच्या चेहऱ्यावर जे वाईट वाटणं दिसलं असतं, ते त्यांना नको होतं. संपतने आपली कीव करावी यापेक्षा आपण त्याच्यावर जळावं हे त्यांना सोपं वाटत होतं.

आणि ते जळत होते. संपतच्या मोठ्या हातांवर, त्याच्या मोकळ्या हसण्यावर, मुदपाकखान्यात उभं राहून बोली लावण्यावर. आपण आयुष्यभर ज्यासाठी अभ्यास केला ते याला वरण-भाताच्या वासात मिळालं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

महिन्याभराने संपत गोळा घेऊन आला. टॉवेलात गुंडाळलेला. घैसासांनी तो पहिल्यांदाच हातात घेतला. वाटला होता त्याहून जड होता. एका कडेला बारीकसा शंख चिकटला होता. घैसास तो फिरवून फिरवून बघत राहिले.

"काका, एक इचारायचं व्हतं," संपत म्हणाला. "ह्यो असाच ठेवायचा, का फोडायचा? आत काय लिव्हलंय ते वाचावं असं लई वाटतंय. पण तुमीच म्हणता, नाण्याला हात लावायचा न्हाई. म्हणून म्हणलं, इचारल्याबिगर काय करायचं न्हाई."

उत्तर घैसासांना पाठ होतं. हा गोळा म्हणजेच वस्तू. आतले रुपये सुटे झाले की ते इतर हजारो रुपयांसारखे, शिवाय समुद्राने खाल्लेले. मंडळातल्या नवशिक्यालाही त्यांनी हेच सांगितलं असतं. त्यांनी गोळा काउंटरवर ठेवला, चष्मा काढून पुसला आणि स्वतःचा आवाज ऐकला.

"फोडायला हवा. आत एखादं वेगळं साल निघू शकतं, वेगळी टांकसाळ निघू शकते. तसाच ठेवून काय उपयोग? दगड तो दगड."

"मोल कमी न्हाई ना व्हणार?"

"मोल नाण्याला असतं, संपतराव. दगडाला नसतं."

संपतने मान डोलावली. त्याने लगेच फोन काढून ते वाक्य बायकोला सांगितलं. मग म्हणाला, "पण मग तुमीच या घरी. तुमच्या हातानं व्हऊ द्या. माझ्याकडनं काय तरी इस्कोट व्हायचा."

रविवारी त्याने गाडी पाठवली. गुडघा दुखतोय असं सांगून टाळता आलं असतं. घैसास गेले.

वाघोलीचं घर नवं होतं. तळमजल्यावर संपतने नाण्यांसाठी एक खोली केली होती, काचेची कपाटं, आत बारीक दिवे. घैसासांची नाणी घरी प्लास्टिकच्या डब्यांत, लोखंडी कपाटात, वासंतीबाईंच्या पातळांखाली असत. ते एकेका कपाटापुढे उभे राहिले. प्रत्येक नाण्याशेजारी संपतने स्वतःच्या वळणदार नसलेल्या अक्षरात चिठ्ठी लावली होती, आणि बऱ्याच चिठ्ठ्यांवरचे शब्द घैसासांचे होते.

मोरीजवळच्या ओट्यावर काचेचं भांडं, पातळ केलेलं अ‍ॅसिड, हातमोजे, सगळं मांडून ठेवलं होतं. प्रेमला चहा घेऊन आली. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, असाच बरा दिसतोय की त्यो. कपाटात ठेवला व्हता तर येणारं-जाणारं समदं तेवढंच बघायचं. पोरं तर म्हणायची, समुद्र दाखवा."

संपतचा हात घुटमळला. "ऱ्हाऊ द्यायचा का, काका?"

दोघंही त्यांच्याकडे बघत होती. घैसासांना नंतर पुन्हा पुन्हा आठवायचं की त्या वेळी त्यांना जराही घाई नव्हती, रागही नव्हता. डोकं अगदी थंड होतं. त्यांना एवढंच दिसत होतं की हा गोळा इथे राहिला, तर आपण जिवंत असेपर्यंत तो या खोलीत, या दिव्याखाली असणार आहे.

"आता सगळी तयारी केलीय," ते म्हणाले, आणि त्यांनी हातमोजे चढवले.

अ‍ॅसिडात पडताच गोळा फसफसायला लागला. चुन्याचा फेस वर आला, पाणी दुधासारखं झालं. शंख पहिल्यांदा गेला. मग एकेक थर ढिला झाला. घैसासांनी लाकडी चिमट्याने रुपये अलगद सुटे केले आणि साध्या पाण्यात धुतले. बाहेरच्या बाजूचे रुपये पापडासारखे पातळ झालेले होते, अक्षरं समुद्राने केव्हाच पुसून टाकली होती. त्यातले दोन तर बोटांतच तुटले. पण मधले दोन रुपये, इतरांनी झाकून ठेवलेले, टांकसाळीतून नुकते आल्यासारखे निघाले. घैसासांनी भिंग लावलं. औरंगजेबाचं नाव, सुरत, साल, सगळं स्वच्छ. तीनशे वर्षं त्या अक्षरांवर कुणाची नजर पडली नव्हती. क्षणभर ते सगळं विसरले. "वाचा, वाचा," असं ओरडून त्यांनी संपतला जवळ ओढलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत त्याच्याकडून वाचून घेतलं.

संपतचे डोळे भरून आले होते. त्याने त्या दोनातला एक रुपया उचलला, फडक्याने टिपला आणि घैसासांच्या हातात ठेवून मूठ मिटवली.

"ह्यो तुमचा."

"छे, छे. भलतंच काय."

"तुमी नसता तर आतच ऱ्हायला असता. घ्या काका."

त्यांनी घेतला. गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण दोनातला चांगला कुठला होता, हाच विचार करतोय.

पुढच्या बैठकीत संपतने आपला रुपया आणि पापडासारखे झालेले तुकडे मंडळापुढे मांडले आणि वर्गात एकदम कल्ला झाला. अवधूत साने तर बाकावरून उठूनच उभा राहिला. "तो गोळा फोडलात? अहो, तसे जगात किती उरलेत माहिती आहे का तुम्हाला? हा शहाणपणा कुणी शिकवला?"

घैसास भिंग पुसत होते.

"कुणी न्हाई," संपत म्हणाला. "माझीच हौस."

"विचारायचं तरी होतंत घैसासांना! समोरच तर बसलेत."

"चुकलंच," संपत म्हणाला. त्याने घैसासांकडे बघितलंसुद्धा नाही. बाकीचे हळहळले, एक-दोघांनी पैसेवाल्यांच्या अकलेबद्दल अर्धवट आवाजात काही म्हटलं. घैसासांनी ते ऐकलं आणि भिंग खिशात ठेवलं.

बैठक संपल्यावर संपत त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आला.

"मला म्हाईत न्हवतं काका," तो म्हणाला. "आत्ता सान्यांनी सांगितलं. हॉलमधी समोर तुमीच व्हता. आधी कळलं असतं तर मी हातच घातला नसता."

 घैसासांना एकदा वाटलं, हा सगळं समजून बोलतोय. एकदा वाटलं, याला काहीच कळलेलं नाही. मग वाटलं, म्हणजे याने हात घातला नसता, आणि मी याच्या मेहेरबानीने तो गोळा घरी नेला असता. ही तिसरी गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त झोंबली.

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कशाला? तुमचं नाव मोठं हाय तिथं," संपत म्हणाला आणि गाडीकडे गेला.

घरी वासंतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "फोडायला तुम्हीच सांगितलंत ना?"

"त्याला आत काय आहे ते बघायचं होतं."

"आणि तुम्हाला काय बघायचं होतं?"

घैसास हातपाय धुवायला गेले.

त्यांनी संपतला खरं काय ते कधीच सांगितलं नाही. एकदा तो रुपया परत द्यायला काढला, पण संपत म्हणाला, "दिलेलं परत घेत न्हाईत आमच्यात," आणि त्यांनी तो पुन्हा खिशात टाकला. संपतचं दुकानात येणं थांबलं नाही. आता दोघं नाण्यांवर पूर्वीइतकं बोलत नसत. चष्म्यावर, वाहतुकीवर, पावसावर जास्त बोलत.

यंदा जानेवारीत वाघोलीच्या एका कॉलेजने संपतच्या नाण्यांचं प्रदर्शन भरवलं. प्रमुख पाहुणे म्हणून घैसासांना बोलावलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं. मग संपत बोलायला उभा राहिला. कागद नव्हता. त्याने मुलांना बुडालेल्या जहाजांच्या गोष्टी सांगितल्या, मुदपाकखान्यातली बोली सांगितली, गोळा फोडल्यावर मंडळाच्या शिव्या कशा खाल्ल्या तेही स्वतःवर हसत सांगितलं. सभागृह त्याच्याबरोबर हसत होतं. घैसास चाळीस वर्षं मंडळात बोलले होते. त्यांच्या बोलण्यावर लोक माना डोलवायचे, हसलं मात्र कुणी नव्हतं.

बोलता बोलता संपतने औरंगजेबाच्या राज्यारोहणाचं साल एका वर्षाने चुकीचं सांगितलं. कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. घैसास व्यासपीठावर बसल्या बसल्या पुढे झुकले आणि समोरच्या माईकमध्ये स्पष्ट आवाजात म्हणाले, "सोळाशे अठ्ठावन्न."

 संपत वळला. त्याचा चेहरा फुलला होता.

"बगा!" तो मुलांना म्हणाला. "म्हणूनच मी ह्यांना संगं घेऊन फिरतो. माझे गुरू. टाळ्या वाजवा."

पोरांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या, शिट्ट्याही मारल्या. घैसासांना उभं राहून हात जोडावे लागले. परतीच्या वाटेवर खराडीच्या चौकात गाडी अडकली होती. वासंतीबाईंनी घरून फोन करून विचारलं, "कसं झालं?"

"त्याचं छान झालं," घैसास म्हणाले, आणि काच खाली करून बाहेर बघत बसले.